अधिक-उणे चार

बाळाचं नाक कुणाच्या वळणावर गेलंय, यावरून झिराडकरांच्या घरात पहिल्या दिवशी वाद झाला. दुसऱ्या दिवशी नाक मागे पडलं आणि वाद जरा खाली सरकला.

झिराडकर म्हणजे अलिबागचे बेने इस्रायल. शेकडो वर्षांपूर्वी कधीतरी कोकणच्या किनाऱ्याला लागलेले, घाण्यावर तेल गाळता गाळता मराठी झालेले आणि तरीही शनिवारच्या विसाव्याचा नेम न सोडलेले यहुदी. आता गावात त्यांची मोजकीच घरं उरली होती, प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर पनवेलपर्यंत फोन लावावे लागत. पण मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता करायची, हा रिवाज एकाही घरानं कधी मोडला नव्हता. त्यामुळे आपल्या सुनेला त्याबद्दल काही मत असू शकतं, हेच मुळी हन्नाबाईंच्या डोक्यात शिरेना.

"मी नाही म्हणत नाहीये, आई," शुलामीथ चौथ्यांदा सांगत होती. "मी थांबू या म्हणतेय. तो अठराचा होऊ दे. अंग त्याचं आहे, त्याला विचारू."

"अठराव्या वर्षी कोण गो तयार होईल?" हन्नाबाई म्हणाल्या. "तुझा नवरा अजून इंजेक्शनला डोळे मिटतो."

शुलामीथचा नवरा असाफ मांडव्याच्या जेट्टीवर विजेच्या बोटींची देखभाल करायचा. यंत्रांशी त्याचं उत्तम जमे. घरातल्या वादात मात्र तो आईचं बोलणं चालू असलं की आईकडे बघून मान हलवी आणि बायकोचं चालू असलं की बायकोकडे बघून. दोघींनीही त्याला केव्हाच हिशेबातून वगळलं होतं.

वाद तिसऱ्या दिवशी मिटला, कारण तो मिटवणं आता घराच्या हातात राहिलंच नव्हतं. भावी संमतीचा कायदा येऊन चार वर्षं झाली होती. लहान मुलाच्या शरीरावर कायमची खूण राहील असं काहीही करायचं असेल, आणि त्यावाचून त्याचा जीव अडलेला नसेल, तर आधी त्या मुलालाच विचारायचं, असं हा कायदा सांगत होता. तीन दिवसांच्या मुलाला विचारायचं कसं? तर मोठेपणीच्या त्याला विचारायचं. त्यासाठी जिल्ह्याच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक यंत्रणा बसवलेली होती. तिचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं, की लोकांनी ते टाकून दिलं आणि तिला नुसतं 'मोठेपणी' म्हणायला सुरुवात केली. "मोठेपणीला विचारलंत का?" हे वाक्य आता ओसरीवर, बसमध्ये, सगळीकडे कानावर पडे. काही हौशी आईबाप तर मुलीचे कान टोचायचे तरी मोठेपणीला विचारून येत.

"चालेल," शुलामीथ म्हणाली. "तो हो म्हणाला, तर माझी हरकत नाही."

"आणि नाही म्हणाला तर?" हन्नाबाईंनी विचारलं.

"तर तुमची असू नये."

हन्नाबाईंनी तोंड फिरवलं, पण मान डोलावली. शुलामीथला या यंत्रावर विश्वास ठेवायला कारण होतं. ती पुण्याच्या एका सर्वेक्षण संस्थेत काम करायची. सुरुवातीची वर्षं तिनं उन्हातान्हात गावोगाव फिरून दारं ठोठावण्यात काढली होती आणि आता ती त्या दारांमागून आलेल्या उत्तरांचा अर्थ लावायची. मोठेपणीला शिकवताना देशभरातल्या लाखो मुलांची, त्यांच्या जन्मापासून तरुणपणापर्यंतची माहिती वापरली होती. त्यातली काही शुलामीथच्या संस्थेनंच गोळा केली होती. यंत्रात काय घातलंय हे तिला ठाऊक होतं, आणि ते खोटं नव्हतं.

रुग्णालयात बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेतले, तसं त्यानं आकाशपाताळ एक केलं. असाफ त्याला खांद्यावर टाकून बाहेरच्या लांब व्हरांड्यात फेऱ्या मारायला गेला. शुलामीथ एकटीच समुपदेशकाच्या खोलीत बसली. समुपदेशक म्हणजे अनघा टिपणीस नावाची एक गोड आवाजाची मुलगी. भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं मोठं चित्र होतं, आणि त्याखाली नमुन्यादाखल एक उत्तर छापलेलं: होकार ८७ टक्के, अधिक-उणे एकाहून कमी.

"कसं चालतं ते थोडक्यात सांगते," अनघा म्हणाली. "बाळाच्या रक्तातून त्याची सगळी जनुकं वाचली जातात. तुम्हा दोघांच्या घराण्यांच्या आजारांची माहिती आहेच. तुम्ही राहता कुठे, भाषा कुठली, धर्म कुठला, शिक्षण किती, हवा कशी, तेही घेतलं जातं. त्यावरून यंत्र तुमच्या मुलाची दहा हजार आयुष्यं मांडतं. एकात तो क्रिकेट खेळतो, दुसऱ्यात नाही. एकात तुम्ही पुण्याला जाता, दुसऱ्यात इथंच राहता. प्रत्येक आयुष्य अठराव्या वर्षापर्यंत चालवायचं आणि त्या मुलाला प्रश्न विचारायचा: तुझं हे आठव्या दिवशी केलं असतं, तर तुला चाललं असतं का? मग किती जण हो म्हणाले, ते मोजायचं. साठ टक्क्यांच्या वर गेलं की परवानगी."

"ऐकू येतो का तो? आवाज वगैरे?"

"पूर्वी ऐकवायचे. आईबाप ऐकता ऐकता कोसळायला लागले, मग बंद केलं." अनघा सहज म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत आलं: होकार ९१ टक्के. त्याच्या शेजारी बारीक करड्या अक्षरांत होतं: अधिक-उणे ४.

"अभिनंदन!" अनघा म्हणाली. "खूप स्पष्ट होकार आहे."

शुलामीथ हरली होती, आणि खरं तर तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तिला तिच्या मुलाचं मत हवं होतं, ते मिळालं होतं. तिनं पर्स उचलली. आणि मग तिची नजर पुन्हा त्या करड्या अक्षरांवर गेली. मनात पाल चुकचुकली.

टक्का कुणालाही कळतो. पण त्याच्या शेजारचा तो अधिक-उणेचा आकडा म्हणजे शुलामीथचं रोजचं काम होतं. दहा हजार माणसांना विचारलं, तर टक्का जागचा फारसा हलत नाही. पाव-अर्धा इकडे तिकडे. दोनशे माणसांना विचारलं, तर तो चांगला चारेक टक्क्यांनी डळमळतो. जितके कमी लोक उत्तर देतील, तितका हा आकडा फुगतो. त्यात दुसरं काहीही गूढ नाही.

"हे चार कसं आलं?" तिनं विचारलं.

"ते तांत्रिक असतं, मॅडम. त्यानं परवानगीला फरक पडत नाही."

"तुम्ही दहा हजार मुलांना विचारलंत ना? मग चार येणारच नाही. चार यायला उत्तर देणारे फार तर दोनशे हवेत." शुलामीथचा आवाज अजून कामाचाच होता, ऑफिसात एखाद्या कनिष्ठाची चूक दाखवावी तसा. "बाकीच्यांनी उत्तर का नाही दिलं?"

अनघानं पडद्याकडे बघितलं. मग टेबलाकडे.

"बाकीचे उपलब्ध नव्हते," ती म्हणाली.

शुलामीथनं आयुष्यात हजारो वेळा हे शब्द स्वतःच्या हातानं लिहिले होते. घराला कुलूप, माणूस उपलब्ध नाही. पुढच्या घराकडे जा. त्या खुर्चीत बसल्या बसल्या तिला अर्थ कळला, आणि तिनं पर्स परत खाली ठेवली. बाहेर बाळाचं रडणं थांबलं होतं. असाफ त्याला काहीतरी गुणगुणून दाखवत होता.

"कधीपासून उपलब्ध नाहीत?"

"ते विचारता येत नाही. मोठेपणीला आयुष्य विचारायला कायद्यानं बंदी आहे. तसा प्रश्न घातला तर यंत्र घेतच नाही." अनघाचा गोड आवाज आता पार उतरला होता.

"मी आयुष्य विचारत नाहीये." शुलामीथ पुढे सरकली. "सुंता कधी करावी, ते विचारतेय. आत्ता केली नाही आणि नंतर केली तर? तो पर्याय असतो ना तुमच्याकडे?"

असतो, हे दोघींना माहीत होतं. कारण सुंता कधी करावी हा डॉक्टरांमधलाही जुना वाद होता. कुणी म्हणे तान्हेपणी, कुणी म्हणे शाळेच्या आधी, कुणी म्हणे मूल स्वतः हो म्हणेल तेव्हाच. म्हणून यंत्रात वय बदलायची सोय ठेवलेली होती. ज्या वयाचं विचाराल, त्या वयाच्या मुलाला प्रश्न जाई.

"तेराव्या वर्षी," शुलामीथ म्हणाली. "आमच्यात तेराव्या वर्षी बार मित्झ्वा होतो, मुलगा जाणता झाला असं मानतात. ते वय घाला."

अनघानं घातलं. होकार ९०. अधिक-उणे दोन.

"आठ."

टक्का तोच. अधिक-उणे एक.

"सहा."

"मॅडम, पुढचं नका ना विचारू."

"सहा घाला."

अनघानं सहा घातलं. टक्क्याकडे शुलामीथनं बघितलंसुद्धा नाही. शेजारी अर्ध्याच्या थोडं वर काहीतरी होतं. म्हणजे सहाव्या वर्षी सगळे होते. दहा हजारच्या दहा हजार पोरं घरी होती, दार उघडत होती, विचारलं की उत्तर देत होती. आठव्या वर्षी त्यातले दोन तृतीयांश नव्हते.

तरी ती विचारत राहिली, कारण न विचारणं त्याहून कठीण होतं. कुठला आजार? यंत्राला ठाऊक नव्हतं. त्याला आजारांची नावं कळत नाहीत, त्याला फक्त खुणा कळतात, असं अनघा म्हणाली. ज्या मुलांच्या जनुकांत आणि घराण्यांत अमुक खुणा एकत्र आल्या, त्यांचं पुढे असं असं झालं, एवढंच ते शिकलेलं असतं. डॉक्टरांना दाखवलं, तर ते कशाची तपासणी करणार? जन्माच्या वेळच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ आल्या होत्या. त्या खुणेला अजून कुणी नावच दिलेलं नव्हतं.

"यंत्र चुकतं का?"

"चुकतं," अनघा म्हणाली. "फार नाही चुकत."

मग तिनं खाली मान घालून कायद्यानं सांगायलाच हवं ते सांगितलं. आठव्या दिवशी सुंता केली, तर हे उत्तर बाळाच्या आरोग्य-खात्यात कायमचं चढेल. थांबायचं ठरवलं, तर आजची चौकशी आठवड्याभरात पुसली जाईल.

"अधिक-उणेसकट चढेल?"

"सगळं चढतं. पण ते कुणी बघत नाही, मॅडम. इतक्या दिवसांत तुम्ही पहिल्या. सगळे टक्का बघतात."

हे शुलामीथला पटलं. तिच्या स्वतःच्या अहवालांत तो आकडा पानोपानी असे, आणि मंत्र्यांपासून पत्रकारांपर्यंत एकानंही कधी तिला त्याबद्दल विचारलं नव्हतं. लोक ठळक अक्षरं वाचतात आणि पान उलटतात. आपल्याखेरीज ते कुणाला दिसणार नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. याच एका ठिकाणी ती चुकली, आणि तिच्या जागी तिच्या धंद्यातलं दुसरं कुणीही असतं, तरी असंच चुकलं असतं.

व्हरांड्यात असाफनं तिला बघितलं आणि भुवया उडवल्या.

"काय म्हणाला साहेब?"

"हो म्हणाला," शुलामीथनं सांगितलं.

असाफनं बाळाला चेहऱ्यासमोर धरलं. "शाब्बास रे पठ्ठ्या! बापावर नाही गेलास."

पुढचे दिवस घरात लगीनघाई होती. हन्नाबाईंनी फोन करकरून ठाण्यापासून पेणपर्यंतचे नातेवाईक जमवले. मलिद्याचे पोहे आले, नारळ आले, मनुका भिजत पडल्या. सून हरली म्हणून त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही, उलट तिला दिवसातून चार वेळा आळिवाची खीर दिली. शुलामीथ ती मुकाट्यानं खात होती. बाळ दूध पीत होतं, झोपत होतं, झोपेत ओठ हलवत होतं. त्याच्या अंगाला तान्ह्या बाळांचा तो आंबूस गोड वास होता. तो छातीशी असताना तिला काहीच खरं वाटत नसे, आणि त्याला पाळण्यात ठेवलं की सगळं खरं वाटे.

सातव्या दिवशी सकाळी रूबेनकाका आले. डॉक्टर रूबेन पेझारकर, ठाण्याला मुलांचे शल्यचिकित्सक होते आणि सुंता करणारे मोहेलही. आता निवृत्त झाले असले, तरी बेने इस्रायलांच्या घरी मुलगा झाला की त्यांनाच बोलावणं जाई. आदल्या दिवशी येऊन बाळ स्वतः बघितल्याशिवाय ते होकार देत नसत. त्यांनी हात धुतले, बाळाला उजेडात नेलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून कातडी पिवळी दिसते का ते पाहिलं, पापण्या उलटल्या, मग शुलामीथला म्हणाले, "जरा पाज त्याला. कसं ओढतो ते बघू दे."

हन्नाबाई चहा करायला आत गेल्या. रूबेनकाका खिडकीकडे तोंड करून बसले.

"तुझी हरकत होती म्हणे," ते म्हणाले.

"होती."

"योग्यच होती. मी हे इतकी वर्षं करतोय, पण खोटं नाही बोलणार. वैद्यकीय गरज म्हणशील तर नाही. फायदे थोडे, धोके थोडे. आता केलं तर दोन-तीन दिवसांत भरून येतं. मोठेपणी दोन-तीन आठवडे माणूस हैराण होतो, पण तो स्वतःहून टेबलावर आलेला असतो. याला आपण विचारलेलं नसतं, आणि ते कुठल्याही मलमानं भरून येत नाही."

"मग का करता?"

"कारण माझं केलं होतं आणि मला त्याचा राग नाही आला. पुष्कळदा एवढंच कारण असतं गं." ते हसले. "पण एक नियम मी कधी मोडलेला नाही. आजारी मुलाला हात लावायचा नाही. मूल आधी बरं होऊ दे, मग बघू. जीव आधी, देवाशी करार मागून. आणि हे मी नाही ठरवलेलं, आपल्या पूर्वजांनी ठरवलंय."

शुलामीथनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "काका, आज बरं आहे, पण पुढे आजारी पडणार आहे... असं मूल असलं तर?"

रूबेनकाका वळले. त्यांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. त्यांनी आयुष्यभर आयांना वाईट बातम्या दिल्या होत्या. ती बातमी गिळून बसलेली आई कशी दिसते, हे त्यांना ओळखता येत असावं.

"पुढे सगळेच आजारी पडणार आहेत," ते सावकाश म्हणाले. "मी आजचं मूल बघतो. आजचं मूल मला ठणठणीत दिसतंय. पण सुरी काढायच्या आधी मी नेहमी आईला विचारतो, बाळ बरं आहे का म्हणून. ती नाही म्हणाली, तर मी सुरी मिटून घरी जातो. का म्हणून विचारत नाही." ते पुन्हा खिडकीकडे वळले. "मी विचारत नाही. बाकी सगळं घर विचारेल."

तेवढ्यात हन्नाबाई चहा घेऊन आल्या.

तो दिवस शुलामीथनं कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक. उद्या ती नाही म्हणू शकत होती. मग खात्यात काहीच चढणार नव्हतं. पण मग कारण सांगावं लागणार होतं. अठरा वर्षांचा होऊ दे, हे कारण आता तिच्याच तोंडून निघालं नसतं. आणि खरं सांगितलं, की त्या क्षणापासून हे घर बदलणार होतं. हन्नाबाई त्याला बघून डोळे टिपणार, असाफ त्याला धावू देणार नाही, नातेवाईक दबक्या आवाजात बोलणार. पोरगं सहा वर्षं धडधाकट असूनही आजारी म्हणून जगणार. तिला ते नको होतं. त्याला विचारून निर्णय घेण्याची तिची सगळी हौस एका दुपारी संपली होती. त्याचा निर्णय त्याला देता येत नसेल, तर निदान इतर पोरांना मिळतं ते सगळं त्याला मिळू दे. आजीचा मलिदा, थोरल्या मामांची मांडी, रडणं, नाव. सगळं, एकही गोष्ट न वगळता. असाफलाही सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. त्याचं हसू बाळाला लागणार होतं.

आठव्या दिवशी सकाळी अलिबागच्या छोट्या प्रार्थनालयात माणसं दाटीवाटीनं बसली होती. प्रत्येक सुंतेला अदृश्यपणे हजर राहतो असं मानलेल्या एलियाहू नबीची खुर्ची जांभळ्या साटिनच्या कापडानं सजवून रिकामी ठेवली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीत असाफचे थोरले मामा मांडीवर उशी घेऊन बसले होते. त्यांनी बाळाला धरायचं होतं. बायका दाराशी उभ्या होत्या. रूबेनकाका पांढरी शाल पांघरून शुलामीथपुढे आले, आणि इतका वेळ चाललेली कुजबुज थांबली.

"पोरी, बाळ बरं आहे?"

ते हे प्रत्येक आईला विचारत आणि प्रत्येक आई ताबडतोब हो म्हणे. शुलामीथनं बाळाकडे बघितलं. त्याचे डोळे उघडे होते आणि तो तिच्या कानातल्या खड्याकडे टक लावून बघत होता. हन्नाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, त्यांना वाटलं ती घाबरलीय.

"बरं आहे," शुलामीथ म्हणाली.

रूबेनकाका आणखी एक क्षण थांबले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तिनं बाळ दिलं.

बधिर करणारं मलम आधीच लावलं होतं, तरी ते ओरडायचं ते ओरडलंच. मनुकांच्या सरबताचा थेंब त्याच्या ओठांवर पडला. नाव पुकारलं गेलं: नाथान. आणि मग सगळे पुरुष, त्यांच्यामागोमाग सगळ्या बायका, जुना आशीर्वाद म्हणू लागले. जसा हा या करारात आला, तसाच तो धर्मग्रंथाच्या अभ्यासात येवो, लग्नाच्या मांडवात येवो, चांगल्या कामांत येवो. शुलामीथही म्हणू लागली. अभ्यासापर्यंत ती सगळ्यांबरोबर होती. मांडवापाशी तिचा आवाज बंद पडला आणि ती नुसते ओठ हलवत राहिली. बाळासारखी ती ढसढसा रडत होती, आणि सगळ्या बायका तिच्याकडे बघून कौतुकानं हसत होत्या.

"झालं हो, झालं," हन्नाबाई म्हणाल्या. "आता त्याला काही म्हणजे काही होत नाही."

रूबेनकाकांनी हात पुसले आणि कायद्याप्रमाणे फोनवर नोंद केली. मग ते कुणाशी फारसं न बोलता मागच्या बाकावर जाऊन बसले.

अंगणात मलिद्याची ताटं फिरू लागली. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, फळांच्या फोडी. बाळ पुन्हा छातीशी येऊन शांत झालं होतं. आता निभावलं, असं शुलामीथला वाटलं. आता सहा वर्षं कुणाला काही कळणार नाही, आणि कदाचित आपलं पोर त्या दोनशेंतलं असेल. दोनशे काही कमी नसतात.

असाफ एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन आला. त्याचं तोंड भरलेलं होतं.

"ही गंमत बघ. रुग्णालयाचा निरोप आलाय, साहेबांच्या स्वतःच्या नावानं. 'नाथान झिराडकर यांचं स्वागत.' आत्ता नाव ठेवलं, आत्ता आलं! सगळं वेळापत्रक पाठवलंय. लसी, दात, डोळे, वजन, शाळेत घालायच्या वेळची तपासणी." त्यानं बोटानं पडदा वर सरकवला. "पण सातव्या वर्षापर्यंतच आहे. जेट्टीवरच्या साळवीच्या मुलीला एकविसाव्या वर्षापर्यंतचं आलं होतं. तिला चष्मा कधी, पहिलं रक्तदान कधी, सगळं. आपली पुढची पानं राहिली यांची."

शुलामीथनं फोन हातात घेतला. वेळापत्रक नीट आखलेलं होतं, रंगीत होतं, कोपऱ्यात एक हसरं अस्वल होतं. सातव्या वाढदिवसाच्या तपासणीनंतर एक रेघ होती, आणि रेघेखाली लिहिलं होतं की योजना पूर्ण झाली. हे कुणी माणसानं लिहिलेलं नव्हतं. माणसं टक्का बघतात. पण सकाळी नोंद झाली, उत्तर खात्यात चढलं, आणि दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रानं ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं होतं.

"दे इकडे," असाफ म्हणाला. "फोन करून सांगतो त्यांना. एका मिनिटाचं काम आहे."

"नको करूस."

"अगं, नंतर विसरायला होईल."

तिनं फोन दिला नाही. बाळाला सावरून ती उभी राहिली. अंगणात कुणीतरी मोठ्यानं हसलं, कुणीतरी आणखी खोबरं मागितलं.

"असाफ," ती म्हणाली, "त्यांचं काही राहिलेलं नाही."

तो अजून हसतच होता. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तोंडातला घास चावायचा थांबला.